शिष्यवृत्ती कोणाला मिळते, कशी मिळते?

(डिंगोरे, ता. जुन्नर येथील शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



मुलगा किंवा मुलगी कृषी पदवीला आली की पालक पहिला प्रश्न विचारतात, "सर, शिष्यवृत्तीसाठी कोणाची ओळख लागते का?" ओळख लागत नाही. नियम मात्र माहीत असावे लागतात.

विद्यापीठात मुलांना दोन वाटांनी पैसा मिळतो. पहिली वाट पारितोषिकांची. एखादा दाता विद्यापीठाकडे ठेव ठेवतो, तिच्या व्याजातून सुवर्णपदक किंवा रोख बक्षीस दिले जाते. अट दात्यानेच घातलेली असते. उदाहरणार्थ, ठरावीक विषयात सर्वाधिक गुण. येथे चुरस असते आणि बक्षीस एकालाच मिळते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्तीही गुणवत्तेवरच आहे. देशपातळीवरील प्रवेश परीक्षेतून परराज्यातील कृषी विद्यापीठात जाणाऱ्यांसाठी ती आहे.

दुसरी वाट आर्थिक मदतीची. आपल्यापैकी बहुतेकांच्या कामाची हीच. येथे शेजाऱ्याच्या मुलाशी स्पर्धा नाही. नियमात बसेल आणि कागद पूर्ण असतील, तो पात्र. मुख्य योजना अशा :

१) राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती : कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वार्षिक ८ लाख रुपये. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींना या उत्पन्न मर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांचे संपूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे.

२) डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता : अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठी.

३) भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती : अनुसूचित जाती व जमातींसाठी, उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपये. आपल्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी बांधवांनी हिची आवर्जून चौकशी करावी.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. पहिल्या दोन योजनांसाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला असावा. खाजगी महाविद्यालयात व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली, तर हा लाभ मिळत नाही.

अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर विद्यार्थ्यानेच करायचा असतो. महाविद्यालय तो तपासते, त्रुटी असल्यास परत पाठवते, बरोबर असल्यास संबंधित विभागाकडे पुढे पाठवते. विद्यार्थ्याची रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. मुलगा गरजू आहे हे प्राध्यापकांना दिसत असले, तरी दाखल्याशिवाय त्यांचा इलाज चालत नाही.

आपली मुले अडतात ती येथेच. समजा, आजोबांच्या नावावर बारा एकर आहे आणि खाणारी चार भावांची कुटुंबे आहेत. वाट्याला येते तीन एकर. पण सातबाऱ्यावर बापाचे नावच नाही, मग अल्पभूधारकाचा दाखला निघणार कसा? आजोबा हयात नसतील तर तलाठ्याकडे वारस नोंद करून घ्या. भावाभावांत एकमत असेल तर जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. हे काम प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही. मूल दहावीत असतानाच हाती घ्या.

उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा. प्रवेशाचे दिवस म्हणजे भात लावणीचे दिवस. तेव्हा तहसीलच्या फेऱ्या मारायला सवड कोणाला असते? वाफसा गेल्यावर केलेली पेरणी जशी फुकट जाते, तसा मुदतीनंतरचा अर्ज.

मंजूर झालेल्या मदतीचेही दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. हजेरी आणि निकाल पाहिला जातो. अट असली म्हणून कमीपणा मानू नका. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनाही लिहून द्यावा लागला होता.

बियाण्याची पिशवी घेताना आपण पावती जपून ठेवतो. तशीच मुलांच्या दाखल्यांची एक फाईल आजपासून घरात करा. फीच्या पैशासाठी कोणाच्याही मुलीचे शिक्षण सुटू नये, एवढीच विनंती करून थांबतो.