न विचारलेल्या प्रश्नाची किंमत



‘राखीव खाती’ आणि ‘सोपीव खाती’ हे शब्द आजच्या तरुण श्रोत्यांना काहीसे परके वाटतील. १९१९च्या कायद्याने मुंबई इलाख्यात द्विदल राज्यपद्धती आली. तिच्यात शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य अशी खाती कायदेमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे सोपविण्यात आली. तिजोरी आणि पोलीस मात्र गव्हर्नरसाहेबांनी आपल्या हाती राखले. प्रांतांतील ती पद्धती १९३७ साली संपली. परंतु सत्ता ‘सोपविण्याची’ कल्पना ब्रिटिशांच्या राज्यव्यवहारात आजही जिवंत आहे, आणि तीही त्यांच्या स्वतःच्या घरात. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथील शासने ही अशीच सोपीव शासने होत. आपल्या राज्यांचे अधिकार राज्यघटनेतून आलेले आहेत. त्यांचे अधिकार लंडनच्या संसदेने केलेल्या कायद्यातून आलेले आहेत, आणि खर्चाचा मोठा वाटाही लंडनच्याच तिजोरीतून येतो. पैसा एकाचा, खर्च करणारा दुसरा, अशी स्थिती असली म्हणजे हिशेब विचारणारा तिसरा कोणी असावा लागतो. तो नसला तर काय होते, याचा धडा उत्तर आयर्लंडने फार महागात घेतला.

त्या प्रदेशाची घडण थोडी समजून घ्यावी लागेल. तेथे दोन समाज आहेत: ब्रिटनशी असलेला संयोग टिकावा असे मानणारा एक आणि आयर्लंडच्या एकीकरणाचा पुरस्कार करणारा दुसरा. तीस वर्षांच्या रक्तपातात साडेतीन हजारांच्या आसपास माणसे गेली आणि १९९८ साली करार झाला. कोणत्याही एका समाजाने दुसऱ्यावर राज्य करू नये, म्हणून मंत्रिमंडळात दोन्ही समाजांचे पक्ष त्यांच्या बळाच्या प्रमाणात बसतील असे ठरले. प्रथम मंत्री एका बाजूचा, उपप्रथम मंत्री दुसऱ्या बाजूचा. दोघांचे अधिकार समान, आणि एक गेला की दुसऱ्याचेही पद जाते. रक्तपात थांबविण्यासाठी ही रचना आवश्यक होती, हे मान्यच केले पाहिजे. पण तिचा एक परिणाम फारसा कोणी ध्यानात घेतला नाही. २०१२ साली पाचही प्रमुख पक्ष मंत्रिमंडळात होते. सगळेच पंगतीला बसले, तर वाढप्याला ‘काय वाढतोस?’ असे विचारणार कोण?

त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये एक योजना सुरू झाली. खनिज तेल आणि वायू यांऐवजी लाकडाच्या भुशापासून बनविलेल्या कांड्या जाळणारे बॉयलर उद्योजकांनी व शेतकऱ्यांनी बसवावेत आणि शासनाने त्यांना २० वर्षे अनुदान द्यावे, असे तिचे स्वरूप होते. हेतू निर्मळ होता. अशीच योजना ब्रिटनच्या उर्वरित भागात आधीच चालू होती. तेथे एक साधी मेख मारून ठेवलेली होती: लहान व मध्यम बॉयलर वर्षाला १,३१४ तासांइतका चालला की पुढच्या उष्णतेसाठी अनुदानाचा दर एकदम खाली येई. बेलफास्टमध्ये योजनेचा मसुदा उतरवून घेताना ही मेख गळाली. दर मात्र इंधनाच्या खर्चापेक्षा जास्त ठेवला गेला. एका पौंडाच्या कांड्या जाळल्या की सुमारे १ पौंड ६० पेन्स हाती पडू लागले. जितके जाळावे तितका नफा! कोंबड्यांच्या खुराड्यांपासून कारखान्यांपर्यंत बॉयलर धडधडू लागले, आणि रिकामी शेड तापवून लोक पैसे कमावतात अशा वदंता पसरल्या. ‘राखेसाठी रोकड’ हे नाव या प्रकरणाला लोकांनीच दिले.

आता मुद्द्याचा प्रश्न. या योजनेचे नियम मंजुरीसाठी विधानसभेपुढे आले होते, विषय समितीपुढेही गेले होते. मेख का काढली, दर इंधनापेक्षा जास्त का, पैसा संपला तर भरपाई कोण करणार, यांपैकी एकही प्रश्न नेमकेपणाने विचारला गेला नाही. नियम ऑक्टोबर २०१२मध्ये विरोधावाचून संमत झाले. विधेयके मंजूर होताना बाके वाजविणाऱ्यांना आपण नेहमी नावे ठेवतो, पण न वाचता होकार देणाऱ्यांची गणती कोठे होते? खुद्द खात्याच्या तत्कालीन मंत्री आर्लीन फॉस्टर यांनी पुढे चौकशीत सांगितले, की आपण सभागृहापुढे मांडलेले ते नियम स्वतः वाचले नव्हते. तांत्रिक कागद आपला सल्लागार वाचत असेल, असा त्यांचा समज होता. सल्लागाराने सांगितले, की तसे सगळे काही त्याने वाचलेले नव्हते. सल्लागार कंपनीच्या अहवालात, अनुदान इंधनाच्या खर्चापेक्षा कमी असल्याने मेखेची आवश्यकता नाही, असे लिहिलेले होते. त्याच अहवालातील तक्त्यात आकडे नेमके उलटे होते. तक्ता सर्वांपुढे होता.

२०१३ साली एका उद्योजक महिलेने खात्याला सावध केले होते. उष्णतेची बचत करणारे साधन ती विकत होती आणि ते कोणी घेईना. जेथे जाळण्यातच कमाई आहे, तेथे बचत कोण करील? लोक असे वागणार नाहीत, अशी आपली समजूत अधिकाऱ्यांनी घातली, असे तिने नंतर सांगितले. जे तिला दुकानदारीच्या व्यवहारातून कळले, ते कळायला शासनाला आणखी दोन वर्षे लागली.

एवढी बेफिकिरी का? कारण पैसा लंडन देणार, अशी खात्यात ठाम समजूत होती. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! वास्तविक ब्रिटिश अर्थखात्याने २०११ सालीच कळविले होते, की मर्यादेबाहेर खर्च गेला तर त्याचा भार बेलफास्टच्या स्वतःच्या अंदाजपत्रकावर, म्हणजे तेथील रुग्णालयांच्या आणि शाळांच्या पैशांवर पडेल. पत्र दप्तरात राहिले. २०१५च्या शरद ऋतूत दर कमी होणार याची कुणकुण लागताच तीन महिन्यांत जवळपास हजार अर्ज आले. फेब्रुवारी २०१६मध्ये योजना बंद करायची ठरली. तेव्हा विधानसभेतील मंडळींना प्रश्न सुचला, पण कोणता? अर्जदारांना अजून थोडी मुदत का देत नाही, हा! आणि मुदत महिनाअखेरपर्यंत वाढली.

त्याच वर्षी एक महत्त्वाचा बदल झाला. अधिकृत विरोधी पक्षाची तरतूद करणारा कायदा झाला आणि मेच्या निवडणुकीनंतर दोन पक्ष प्रथमच मंत्रिमंडळाबाहेर, विरोधी बाकांवर बसले. जुलैमध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला आणि लोकलेखा समितीने साक्षी घेण्यास प्रारंभ केला. आपल्या विधिमंडळातही याच नावाची समिती असते आणि तिचे काम किती कष्टाचे, किती अप्रसिद्ध असते, हे जाणकारांना ठाऊक आहे. खात्याचे सचिव समितीपुढे उभे राहिले, कागद मागविले गेले, तारखा जुळविल्या गेल्या. २० वर्षांत सुमारे ४९ कोटी पौंडांचा जादा बोजा पडेल, असा अंदाज पुढे आला.

१९ डिसेंबर २०१६ रोजी विधानसभेची विशेष बैठक भरली. फॉस्टरबाई तेव्हा प्रथम मंत्री झालेल्या होत्या. त्यांच्या निवेदनास उपप्रथम मंत्री मार्टिन मॅकगिनेस यांची संमती नव्हती. तरीही अध्यक्षांनी निवेदन करू दिले, तेव्हा इतर पक्ष उठून गेले आणि त्या बव्हंशी स्वपक्षाच्याच बाकांसमोर बोलत राहिल्या. त्यांना पदापासून दूर ठेवण्याच्या ठरावाच्या बाजूने ३९ मते पडली, विरुद्ध ३६. तरी ठराव फेटाळला गेला, कारण अशा ठरावास दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींचा पाठिंबा लागतो. अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी घडविलेली ढाल मंत्र्याच्या कामी आली. घटनाकारांनी याचा विचार केला नसावा.

९ जानेवारी २०१७ रोजी मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि शासन कोसळले. पुढची तीन वर्षे, जानेवारी २०२०पर्यंत, उत्तर आयर्लंडला मंत्रिमंडळच नव्हते. भाषेचा कायदा आणि इतर जुने वाद त्यात मिसळले, हे खरे, पण ठिणगी बॉयलरचीच होती. विधानसभाच बंद, म्हणून २०१९ साली अनुदानकपातीचा कायदा लंडनच्या संसदेने केला. ज्यांना मध्यम आकाराच्या बॉयलरमागे वर्षाला सुमारे १३ हजार पौंड मिळत, त्यांना दोन हजारांच्या आसपास मिळू लागले. त्यांच्यातील अनेकांनी शासनाच्या शब्दावर विसंबून कर्ज काढून बॉयलर घेतले होते. लबाडी करणारे थोडे होते, शिक्षा सर्वांना झाली. त्यांची बाजू मांडायला बेलफास्टमध्ये सभागृह उघडे नव्हते.

निवृत्त न्यायमूर्ती सर पॅट्रिक कॉगलिन यांच्या चौकशीचा अहवाल १३ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झाला. काही अपवाद वगळता भ्रष्टाचार किंवा दुष्ट हेतू त्यांना आढळला नाही. आढळली ती चुकांवर चुकांची रास. या चौकशीत एक साक्ष विलक्षण होती. मुलकी सेवेचे प्रमुख डेव्हिड स्टर्लिंग यांनी सांगितले, की मंत्र्यांबरोबरच्या अनेक बैठकींचे टिपण ठेवलेच जात नसे. माहितीच्या अधिकाराखाली ते बाहेर येईल आणि टीका होईल, याची दोन्ही मोठ्या पक्षांना धास्ती होती, म्हणून. कागदच नसेल, तर पुढचा सदस्य प्रश्न विचारणार तरी कशाच्या आधारे?

पुढे २०२२ ते २०२४ हे शासन दुसऱ्या कारणाने पुन्हा ठप्प झाले. ३ फेब्रुवारी २०२४ रोजी ते परत उभे राहिले, तेव्हा चार पक्ष मंत्रिमंडळात बसले. सोशल डेमोक्रॅटिक अँड लेबर पार्टी या पक्षाने विरोधी बाके पत्करली आणि मॅथ्यू ओटूल विरोधी पक्षनेते झाले. ९० जणांच्या सभागृहात त्यांच्या पक्षाचे आठ सदस्य होते. सोमवारी आणि मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास, प्रश्नोत्तरांच्या वेळी, ते उभे राहू लागले.