मेलबॉक्स हलवताना मागे काय राहतं?

आजचा भाग जरा लक्ष देऊन ऐका. कारण आज ना उद्या घरातलं कुणीतरी तुम्हाला म्हणणारच आहे, "अरे, तू कॉम्प्युटरमधलाच ना? मग आमचं ईमेल तेवढं नव्या सर्व्हरवर टाकून दे की."

मला हे काका म्हणाले. त्यांचं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे. त्यांचं ईमेल जिथे होतं, त्या होस्टिंगवाल्यांनी कळवलं की जुना सर्व्हर महिनाअखेरीस बंद. एकूण ९ मेलबॉक्स, ४० जीबी. मी म्हटलं, "काका, शनिवार-रविवारचं काम आहे." इथेच चुकलो.

आधी काम समजून घेऊ. यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, जुने मेल उचलून नव्या ठिकाणी ठेवणं. दोन, इथून पुढचे मेल कुठे यायचे ते जगाला सांगणं. घर बदलताना सामान टेम्पोत भरणं वेगळं आणि पोस्टात नवा पत्ता कळवणं वेगळं, तसंच.

पत्त्याचं काम डीएनएसमधला एमएक्स रेकॉर्ड करतो. त्याला टीटीएल नावाची मुदत असते, म्हणजे बाकीच्या सर्व्हरनी तो पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा. काकांच्या डोमेनला ती ८६,४०० सेकंद होती, म्हणजे पूर्ण २४ तास. म्हणून बदलाच्या दोन दिवस आधीच ती ३०० सेकंदांवर आणली. नाहीतर पत्ता बदलल्यावरही दिवसभर मेल जुन्याच दारात पडत राहतात.

सामानासाठी मी आयमॅपसिंक वापरलं. हे टूल दोन्ही सर्व्हरवर आयमॅपने लॉगिन करतं आणि एकेक फोल्डर कॉपी करतं. मेलची तारीख, वाचलेला-न वाचलेला ही खूण, सगळं तसंच राहतं. भारी गोष्ट म्हणजे ते पुन्हा चालवलं तर फक्त राहिलेले मेल आणतं. म्हणून एमएक्स बदलायच्या आधी एकदा चालवायचं आणि बदलल्यानंतर पुन्हा, म्हणजे मधल्या वेळात जुन्या सर्व्हरवर पडलेले मेलही येतात. आणि अगदी पहिल्यांदा 'ड्राय' पर्याय लावून बघायचं. त्यात काहीच कॉपी होत नाही, फक्त काय होईल ते दिसतं.

रविवारी रात्री मी आकडे जुळवले. काकांचा इनबॉक्स: इकडे ६,२१४, तिकडे ६,२१४. सेंट: इकडे ४१, तिकडे ४१. झालं! आईला म्हटलं, जेवायला वाढ.

बुधवारी काकांचा फोन. आवाज उतरलेला. "अरे, मी पाठवलेली कोटेशनं कुठायत? मोबाईलवर काहीच दिसत नाही." एका पार्टीने ३ लाख ८० हजारांचं बिल अडवलं होतं. म्हणे, दर एवढा ठरलाच नव्हता. दराचा मेल काकांनी २०१९ मध्ये पाठवला होता आणि आता तोच सापडत नव्हता.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. ४१! पंधरा वर्षं धंदा करणाऱ्या माणसाच्या सेंटमध्ये फक्त ४१ मेल? आकडे जुळले म्हणून मी खूश झालो, पण आकडा बरोबर वाटतो का, हा विचारच केला नाही.

झालं होतं असं. काकांच्या ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपवर आउटलुक पॉप थ्रीने लावलेलं होतं. पॉप थ्रीला फोल्डर कळतच नाहीत, ते फक्त इनबॉक्समधले मेल खाली उतरवतं. पाठवलेल्या मेलची प्रत त्या डेस्कटॉपवरच, एका पीएसटी फाइलमध्ये साठत होती. सर्व्हरवर होते ते ४१ मेल काकांनी कधीतरी ब्राउझरमधून पाठवलेले. मी सर्व्हर अगदी नीट हलवला, पण काकांचे मेल सर्व्हरवर नव्हतेच!

आणि तो डेस्कटॉप? काकांनी नवा लॅपटॉप घेतला होता. जुना फॉरमॅट करून चुलत बहिणीला द्यायचा, हे मीच सुचवलं होतं. फॉरमॅट मीच करणार होतो. रविवारी कंटाळा आला म्हणून राहिलं, एवढंच.

गुरुवारी सकाळी भोसरी गाठली. आधी पीएसटीची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. मग त्याच आउटलुकमध्ये नवं खातं आयमॅपने जोडलं आणि जुने सेंट मेल नव्या सेंटमध्ये ओढून टाकले. हळूहळू चढले, संध्याकाळ झाली. पण २०१९ चा तो मेल सापडला. काकांनी तोच पार्टीला पुन्हा पाठवला आणि दर मान्य झाला. काका मला एक शब्द बोलले नाहीत. चहा मागवला फक्त. मला मात्र तो चहा जाईना.

तर मंडळी, हे काम अंगावर आलं तर आधी माणसांशी बोला. प्रत्येकाला विचारा: मेल कुठे बघता? कोणत्या मशीनवर? पॉप की आयमॅप? आणि एखादा जुना मेल त्यांनाच शोधायला लावा, तुमच्यासमोर.

आयमॅपने फक्त मेल येतात, हेही लक्षात ठेवा. कॉन्टॅक्ट, कॅलेंडर, फिल्टर, फॉरवर्डिंग वेगळं हलवावं लागतं. एसपीएफ आणि डीकिमचे रेकॉर्ड नव्या सर्व्हरप्रमाणे बदला, नाहीतर तुमचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये जातील. वेबसाइटचा फॉर्म आणि मेल पाठवणारा स्कॅनर, यांच्यात जुन्या सर्व्हरचं नाव असतं, तेही बघा. आणि सगळ्यांनी दोनेक आठवडे वापरून "सापडतंय सगळं" असं म्हणेपर्यंत जुनं काहीही पुसू नका, फॉरमॅट तर नकोच.

आज घरी गेल्यावर एकच करा. बाबांचं किंवा काकांचं ईमेल कुठे साठतंय, तेवढं बघून ठेवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!