मरण मागण्याचा अधिकार

इच्छामरण म्हटलें कीं मराठी मनापुढें शरपंजरीं पडलेले भीष्म उभे राहतात. परंतु त्यांनीं आपल्या वराचा उपयोग मरण लांबविण्याकडे केला. असाध्य व्याधीनें गांजलेला रोगी वैद्यापाशीं मरणच मागूं लागला, तर तें देणें ही दया कीं हत्या, हा प्रश्न निराळा आहे.

ख्रिस्ती परंपरेचा मुख्य कौल निषेधाचा आहे. हत्येविरुद्धची आज्ञा स्वतःच्या देहासही लागू पडते, असें संत ऑगस्टीन यानें पांचव्या शतकांत प्रतिपादिलें. तेराव्या शतकांत थॉमस अ‍ॅक्वायनस यानें तीन कारणें दिलीं: आत्मघात हा स्वाभाविक आत्मप्रीतीच्या विरुद्ध आहे, मनुष्य समाजाचा घटक असल्यामुळें तो समाजावर अन्याय आहे, आणि जीवित ही ईश्वराची देणगी असल्यामुळें तो ईश्वराचा अपराध आहे.

तिसऱ्या कारणावर डेव्हिड ह्यूम यानें घाव घातला. त्याच्या मृत्यूनंतर १७७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत तो विचारतो कीं, आयुष्य तोडणें हा ईश्वरी योजनेंत हस्तक्षेप असेल, तर डोक्यावर पडणारा दगड चुकविणें हा तरी हस्तक्षेप कां नव्हे? उलट कांट यानें १७८५ सालीं ईश्वराचा आधार न घेतांही निषेधच केला. दुःख टळावें म्हणून जीव देणारा मनुष्य स्वतःला केवळ साधन लेखतो, असें त्याचें म्हणणें.

ख्रिस्ती गोटांतही मतभेद आहेत. कॅथॉलिक पंडित हान्स क्युंग यांनीं १९९५ सालीं असें मांडलें कीं, ज्या ईश्वरानें जीवित दिलें त्यानेंच त्याच्या शेवटाची जबाबदारीही मनुष्यावर सोंपविली आहे. रोमच्या धर्मपीठास हें मान्य नाहीं. तथापि कसेंही करून प्राण धरून ठेवावा, असेंही तें म्हणत नाहीं. पोप बारावे पायस यांनीं १९५७ सालीं सांगितलें कीं, असाधारण उपचार चालू ठेवणें बंधनकारक नाहीं. आणि वेदनाशमनार्थ दिलेल्या औषधानें आयुष्य थोडें उणें झालें, तरी मारण्याचा हेतु नसल्यास दोष नाहीं. मारणें आणि मरूं देणें यांतील हीच रेषा भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेंही २०१८ सालीं मानली. नेदरलंड्सचा २००२ पासूनचा कायदा मात्र ती ओलांडतो.

या वादांत अ‍ॅक्वायनसचें दुसरें कारण सहसा मागें पडतें. वास्तविक तें उलट बाजूनें वाचण्याजोगें आहे. रोग्याचें समाजाशीं देणें असेल, तर समाजाचेंही रोग्याशीं आहे. आपण घरच्यांस भार झालों, या भयानें जो मरण मागतो, त्याच्या इच्छेस स्वतंत्र इच्छा म्हणतां येईल काय? वेदना शमविणारें औषध आणि उशाशीं बसणारें माणूस त्यास लाभल्यावरही मागणी उरली, तरच ती खरोखर त्याची मागणी होय. आणि खरा कठीण प्रश्न तेथूनच सुरू होतो.