माळ्यावरची तबकडी

आम्ही दोघी बहिणी माधवनगरच्या. आज बोलायचंय ते आमच्या माहेरच्या माळ्यावरून खाली आलेल्या एका तबकडीबद्दल.

तबकडी 'डिस्को दीवाने'ची, १९८१ सालची. गाणारे नाझिया हसन आणि तिचा भाऊ झोहेब, दोघं कराचीचे. निर्मिती बिद्दू यांची. ते मूळ बंगळूरचे, लंडनला स्थायिक झालेले. आदल्याच वर्षी 'कुर्बानी' सिनेमातल्या 'आप जैसा कोई' या गाण्यानं नाझिया घराघरांत पोचली होती.

मामांनी ती मुंबईहून आणली तेव्हा आम्ही शाळकरी होतो. प्लेअर शेजारच्या काकूंकडे. आपल्याकडे यंत्रमागांचा खडखडाट कायमचा, त्यामुळे एकसारखा ठेका कानाला नवा नव्हता. पण त्यावर तरंगणारा सिंथेसायझरचा सूर! असलं वाद्य आम्ही कधी पाहिलंही नव्हतं. काकूंकडे दार लावून आम्ही नाचायचो. थोरली तर मोकळ्या गळ्यानं गायची.

एके दिवशी वडील आले. ओरडले नाहीत. "चांगल्या घरच्या मुली असलं गात नाहीत," एवढंच म्हणाले. तबकडी ट्रंकेत गेली, आणि थोरलीचं गाणंही. पुढे लग्नं झाली, संसार झाले. बारशाला पाळणा म्हणतानाही ती नुसते ओठ हलवायची.

गेल्या दिवाळीत नातीनं प्लेअर आणला. तबकडी पाहून म्हणाली, "आजी, हे तर 'स्टुडंट ऑफ द इयर'मधलं गाणं!" तो सिनेमा २०१२ चा. म्हटलं, मूळ ऐक. मऊ कापडानं धूळ पुसली, सुई टेकवली. थोडी चरचर झाली, मग तोच ठेका.

खरं सांगतो, सिंथेसायझर आता जुना वाटला. पण या खेपेला नाझियाचा आवाज नीट ऐकू आला. बारीक, किंचित नाकातला, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचा. तेव्हा आम्हांला ती कुणी मोठी, दूरची बाई वाटायची. नाझियाचा जन्म १९६५ चा. आमच्या थोरलीचाही! म्हणजे ती आमच्याच वयाची पोर होती. गळा, तयारी, नशीब यांत फरक असेलच. पण तिला घरच्यांनी "गा" म्हटलं, आणि आमच्याकडे "नको" म्हटलं गेलं.

२००० साली नाझिया लंडनला कर्करोगानं गेली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. नातीनं हे सांगितलं तेव्हा थोरली गप्प बसली. मग म्हणाली, "पुन्हा लाव." आणि त्या खेपेला ती गायली. आवाज चिरका झालाय, वरच्या सुराला फाटतो. तरी शेवटपर्यंत गायली. धाकटीच्या डोळ्यांना धार लागली.

वडिलांवर राग नाही. त्यांना चार लोकांची भीती होती. पण त्यांच्या एका वाक्यानं चाळीस वर्षं गिळली, हेही खोटं नाही.

तुमच्याकडे जुन्या तबकड्या असतील तर एकीवर एक रचू नका, उभ्या ठेवा. उन्हात ठेवू नका, वाकतात. आणि घरातली पोर दार लावून गात असेल, तर बाहेरून एवढंच म्हणा, "जरा मोठ्यानं गा गं, आम्हांलाही ऐकू दे."