आधी जागा कमवा, मग जिंका



आज आपण कुस्तीविषयी बोलू. कुस्ती आपल्याला नवी नाही. जत्रा भरली की फड लागतो, हलगी वाजते आणि माणसं झाडावर चढून बसतात. पण आज आम्ही तुम्हाला आपल्या फडापासून लांब नेणार आहोत. थेट अमेरिकेत. तिथं कॉलेजात शिकणारी मुलं राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी लढतात. त्या लढतीत उतरायला जागा कशी मिळते, ते पाहू.

कुणी म्हणेल, शिकणाऱ्या पोराचं आणि कुस्तीचं काय नातं? कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवलं. म्हणजे वही आणि लंगोट एका घरात सुखानं नांदतात. अमेरिकेत ही जोडी जुनी आहे. तिथली पहिली राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा १९२८ साली आयोवा राज्यातल्या एम्स गावी झाली.

तिथं लाल माती नसते, जाड गादी असते. कुस्ती सात मिनिटांची. पहिली फेरी तीन मिनिटांची, पुढच्या दोन प्रत्येकी दोन मिनिटांच्या. दोन्ही खांदे गादीला टेकवले की कुस्ती तिथंच संपली. नाही टेकले तर गुण मोजतात.

पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांत पुरुषांचे दहा वजनगट आहेत. सर्वांत हलका १२५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ५७ किलोंचा. सर्वांत जड २८५ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२९ किलोंचा. प्रत्येक गटात जागा फक्त ३३. म्हणजे साऱ्या देशातून ३३० मल्ल. स्पर्धा मार्च महिन्यात तीन दिवस चालते.

आता पायऱ्या मोजू.

पहिली पायरी घरातच. कॉलेजाकडून एका वजनात एकच मल्ल उतरतो. त्यामुळे ज्याच्याबरोबर रोज जोर काढले, त्यालाच आधी हरवावं लागतं.

दुसरी पायरी म्हणजे हिवाळ्यातला सारा हंगाम. या काळात मल्लाची प्रत्येक कुस्ती लिहून ठेवतात. मग त्याला तीन कसोट्या लावतात. दहातल्या निदान सात कुस्त्या जिंकल्या का? समोरचे मल्ल किती तोलाचे होते? आणि कुस्तीचे शिक्षक त्याला कितव्या क्रमांकावर ठेवतात? दुसरी कसोटी आम्हाला फार आवडते. दुबळ्यांना लोळवून आकडा फुगवला, तर ती ते उघडं पाडते.

तिसरी पायरी नीट ऐका. तिकडं कॉलेजांची मंडळं असतात. ‘बिग टेन’ हे त्यांतलं एक. एखादा मल्ल तीनपैकी दोन कसोट्यांना उतरला, की त्या वजनात एक जागा मिळते. पण ती त्याला मिळत नाही, त्याच्या मंडळाला मिळते! समजा, एका मंडळाचे चार मल्ल कसोटीला उतरले. मंडळाला चार जागा आल्या. मग मंडळाची स्पर्धा होते आणि तिथं पहिले चार येतील ते राष्ट्रीय स्पर्धेला जातात. ज्यानं हंगामभर घाम गाळून जागा आणली, तो त्या दिवशी पाचवा आला तर त्याची जागा दुसऱ्याची झाली. आणि ज्याला कुणी विचारत नव्हतं, तो तिसरा आला तर तो गेला.

हा अन्याय वाटतो ना? म्हणून चौथी पायरी ठेवली आहे. काही जागा मोकळ्या ठेवतात. राहून गेलेल्यांची हंगामाची नोंद एक समिती तपासते. कुणी कुणाला हरवलं, चांगल्या मल्लावर किती विजय मिळवले, हे पाहून ती त्या जागा भरते. म्हणजे एका वाईट दिवसामुळे वर्षाची मेहनत अगदीच वाया जात नाही.

पण मंडळी, या जागेपायी जीवही गेले आहेत. हलक्या गटात आपला जोर जास्त चालेल म्हणून मुलं वजन उतरवू लागली. पाणी तोडायचं, रबरी कपडे घालून घाम काढायचा, तापलेल्या खोलीत मेहनत करायची. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात पाच आठवड्यांच्या आत कॉलेजातले तीन तरुण मल्ल असेच वजन उतरवताना मरण पावले. तीन वेगवेगळ्या कॉलेजांतले. कोवळी पोरं!

त्यानंतर नियम कडक झाले. रबरी कपडे आणि तापवलेली खोली बंद. हंगामाआधी लघवी तपासून अंगात पुरेसं पाणी आहे का ते पाहतात आणि मगच कमीत कमी वजन ठरवून देतात. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त उतरवायचं नाही. म्हणजे ६० किलोच्या मुलानं आठवड्यात ९०० ग्रॅमपर्यंतच. शिवाय वजन कुस्तीच्या थोडंच आधी करतात. त्यामुळे वाळवलेलं अंग पुन्हा भरायला वेळ उरत नाही आणि तसं करण्यात फायदाही राहत नाही.

तुमच्यापैकी कुणाचा मुलगा तालमीत जात असेल. त्याला आज घरी गेल्यावर दोन गोष्टी विचारा. वजन कशानं उतरवतोस? दिवसाला पाणी किती पितोस? तहान मारून वजन उतरवणं म्हणजे कुस्ती नव्हे.

आणखी एक सांगून थांबतो. हजेरीपट आणि निकालपत्रकं लिहिण्यात आमचा जन्म गेला. त्यामुळे या साऱ्या रीतीत आमच्या मनात भरली ती वही. तिकडं पंचाचा शब्द हवेत विरत नाही. जिंकलेली प्रत्येक कुस्ती कागदावर येते आणि मंडळाच्या स्पर्धेत हरलेल्या मुलाची बाजू तोच कागद मांडतो. आपल्याकडंही निवडीच्या सूचना, वजनाचे तक्ते, तारखा हे सारं कागदावरच येतं. तुम्ही आता अक्षर ओळखता. तुमच्या मुलाचं नाव यादीत आहे का, हे तुम्हीच वाचून पाहा.