डॉन फ्रेझर : पराक्रम आणि शिस्त



पोहण्याच्या शर्यतींची कथा ऐकून आपल्याला काय मिळणार, अशी शंका काहींच्या मनात येईल. परंतु आज आम्ही जे चरित्र निवडले आहे, त्यात केवळ खेळापुरता नसलेला एक प्रश्न आहे. गुणी माणसाने शिस्त मोडली, तर संस्थेने त्याला शिक्षा किती करावी?

डॉन फ्रेझर हिचा जन्म १९३७ साली ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या बालमेन या कामकऱ्यांच्या वस्तीत झाला. आठ भावंडांत ती सर्वांत धाकटी. त्यात दम्याचा विकार. अशा या मुलीला हॅरी गॅलघर नावाच्या शिक्षकाने घडविले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुक्त शैलीची १०० मीटरची शर्यत तिने ६२ सेकंदांत जिंकली. १९६० साली रोमला तिने तीच शर्यत ६१.२ सेकंदांत मारली. १९६२ मध्ये हे अंतर एका मिनिटाच्या आत कापणारी ती जगातील पहिली स्त्री ठरली. १९६४ साली टोकियोला वेळ होती ५९.५ सेकंद. लागोपाठ तीन ऑलिंपिकमध्ये एकच शर्यत जिंकण्याचा मान तिच्यापूर्वी कोणाही जलतरणपटूला मिळाला नव्हता.

आठ वर्षांत अवघे अडीच सेकंद! पण पाणी हा मोठा कठोर परीक्षक आहे. वेग दुप्पट करू जावे, तर पाण्याचा विरोध जवळजवळ चौपट होतो. १९५६ ची डॉन आणि १९६४ ची डॉन शेजारी-शेजारी पोहत्या, तर पहिली सुमारे चार मीटर मागे राहिली असती. आणि टोकियोच्या काही महिने आधी तिच्यावर केवढा घाला पडला होता! ती मोटार चालवीत असता अपघात झाला. त्यात आई गेली. तिच्या स्वतःच्या मानेस इजा झाली. अशा मनाने आणि अशा मानेने ती टोकियोला उतरली होती.

याच टोकियोत तिने अधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. मनाई असता ती उद्घाटनाच्या संचलनात चालली. ठरवून दिलेला पोशाख सोडून स्वतःचा जुना पोशाख घालून पोहली. ऑलिंपिकचा ध्वज पळविल्याच्या प्रकरणात पोलिसांनी तिला धरले व गुन्हा न नोंदता सोडून दिले. १९६५ साली तिच्या देशाच्या जलतरण संघटनेने तिला दहा वर्षांची बंदी घातली.

शिस्त नको, असे आम्ही म्हणत नाही. शिस्तीवाचून संघ उभा राहत नाही. परंतु सत्तावीस वर्षांच्या जलतरणपटूला दहा वर्षे म्हणजे जन्मठेपच! १९६८ साली बंदी उठली. पण मेक्सिकोचे ऑलिंपिक तोंडावर आले होते, तयारीला वेळ नव्हता. तेथे तीच शर्यत बरोबर ६० सेकंदांत जिंकली गेली, म्हणजे डॉनच्या टोकियोतील वेळेपेक्षा अर्धा सेकंद अधिक. मेक्सिकोची हवा विरळ. त्यामुळे ती तेथे जिंकलीच असती, असा दावा आम्ही करणार नाही. पण पाण्यात उतरण्याची तिची संधी गेली, ती कायमची.

बालमेनच्या लोकांनी मात्र तिला अंतर दिले नाही. तेथील तरणतलावाला तिचे नाव आहे, आणि १९८८ साली त्यांनी तिला विधिमंडळावर निवडून पाठविले.

श्रोतेहो, आपल्यापैकी कितीतरी जण शाळेच्या, तालमीच्या, मंडळाच्या समितीवर बसतात. शिक्षा करताना एवढेच पाहावे, की शिक्षा भोगून माणसाला परत येता यावे.