खाडीचे राखणदार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मराठी कवितेत समुद्र भरपूर आहे. लाटा आहेत, गलबतं आहेत, वाळू आहे, मावळतीचा सूर्य तर विचारायलाच नको. खाडी मात्र त्या मानानं कमी, आणि खाडीतला चिखल तर जवळजवळ नाहीच. चिखलात कोण रमणार! पण कोकणातल्या कितीतरी गावांचं जगणं त्या चिखलावर आणि त्यात उभ्या असलेल्या झाडांवर अवलंबून आहे. त्या झाडांना तुम्ही तिवर म्हणा, चिपी म्हणा, सरकारी भाषेत कांदळवन म्हणा. आज मी त्यांच्याविषयी आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांविषयी बोलणार आहे.

माझं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी. आमच्याकडे मासेमारी करणारे दालदी मुसलमान आहेत, खारवी आहेत, भोई आहेत. देव वेगळे, पण पाण्याचं पंचांग एकच, ते म्हणजे चंद्र. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. हा हिशेब घड्याळ न लावणारी आमची दादीही करायची. ईदचा चंद्र बघायला जी माणसं टेकडीवर चढायची, तीच खाली उतरताना म्हणायची, "होड्या वर ओढा रे, उधाण आहे." कारण ईदचा चंद्र अमावस्येनंतरचा, आणि अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतंच. अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. आमच्या मुलांना हे शब्द आता परीक्षेतल्यासारखे समजावून सांगावे लागतात, ते असो.

पाऊणपटीचा हिशेब आजही वेळ बरोबर सांगतो. पण पाणी चढतं कुठवर, तो अंदाज चुकू लागला आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरनं वाढली, आणि २००६ नंतर ही वाढ वर्षाला साडेतीन मिलिमीटरच्या वर गेली, असं आंतरराष्ट्रीय हवामान अभ्यासगटाचा अहवाल सांगतो. वर्षाला साडेतीन मिलिमीटर ऐकताना काहीच वाटत नाही. पण खाडीकाठची जमीन इतकी सपाट असते, की उभी वीतभर वाढ आडवी पसरली की शेत ओलांडते. आधी विहिरीचं पाणी मचूळ होतं, मग परसातल्या माडाची वाढ खुंटते, मग एखाद्या उधाणाला पाणी अंगणात येतं. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते घराचं जोतं उंच करतात किंवा मुंबईला जातात. बाकीचे तिथेच राहतात.

त्यातच वादळं. लहानपणी आम्ही ऐकत आलो, की वादळं बंगालच्या उपसागरात होतात, आपला अरबी समुद्र शहाणा आहे. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं. ३ जून २०२० ला निसर्ग आलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्यानंतर वर्षभरात, मे २०२१ मध्ये, तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातेत गेलं. पोफळ पुन्हा लावली तर सुपारी हाती यायला वर्षं जातात. तोवर वाडीवाल्यानं खायचं काय, याचं उत्तर पंचनाम्यात नसतं.

अशा वेळी आपल्याला पहिली आठवते ती भिंत. धूपप्रतिबंधक बंधारा! मोठमोठे दगड आणून किनाऱ्यावर रचायचे. काही ठिकाणी, जिथं घरं अगदी पाण्याच्या तोंडाशी आहेत, तिथं त्याला पर्याय नाही हे मलाही कळतं. पण लाट दगडावर आपटली की तिचा जोर मरत नाही, ती समोरची वाळू ओढून नेते, आणि बंधारा जिथं संपतो त्याच्या पलीकडचा किनारा खाऊ लागते. मग पलीकडचं गाव बंधारा मागतं. बंधाऱ्याला बंधारा जोडत जायचं, आणि दर काही वर्षांनी खचलेले दगड पुन्हा रचायचे.

तिवराची रीत वेगळी. तो लाटेला अडवत नाही, थकवतो. भरती आत शिरते तेव्हा तिला हजारो मुळांमधून वाट काढावी लागते. तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात, तर कांदळाची मुळं बुंध्यातून कमानीसारखी खाली उतरतात. पाण्याचा वेग कमी झाला की त्यातला गाळ तिथंच बसतो. म्हणजे झाड स्वतःच्या पायाखालची जमीन स्वतः वाढवत असतं. गाळ पुरेसा येत असेल, तर समुद्र चढेल तसं तेही थोडं थोडं चढतं. दगडाच्या भिंतीला हे जमत नाही. अभ्यासकांच्या मोजणीप्रमाणे शंभर मीटर रुंदीचं कांदळवन लाटेची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी करतं. आकड्यांत एवढी तफावत का? कारण झाडं किती दाट आहेत, मुळं कशी आहेत, पाणी किती खोल आहे, यावर ते अवलंबून असतं.

पण झाडावर प्रेम आहे म्हणून त्याच्या नावावर चमत्कार खपवू नयेत. वादळाबरोबर समुद्रच फुगून आत येतो, त्याला थोपवायला कांदळवनाचा पट्टा किलोमीटरच्या हिशेबात लागतो. आपल्या बऱ्याच खाड्यांत तो काही मीटरचा उरला आहे. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशाला महाचक्रीवादळानं झोडपलं. पुढे सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट या अर्थशास्त्रज्ञांनी केंद्रपाडा जिल्ह्यातल्या चारशेहून अधिक गावांचा अभ्यास करून २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये कांदळवनाचा पट्टा जितका रुंद, तितके त्या गावात मृत्यू कमी. मात्र त्याच अभ्यासात असंही आहे, की सरकारनं वेळेवर दिलेल्या इशाऱ्यानं झाडांपेक्षा जास्त जीव वाचवले. म्हणजे झाड हवं आणि भोंगाही हवा. रेडिओवर बसून हे सांगताना मला जरा बरं वाटतं, कारण तो इशारा पोचवण्याचं काम कोळ्याच्या होडीतल्या रेडिओनं वर्षानुवर्षं केलेलं आहे.

मग झाडं लावूया, असं आपण म्हणतो. पर्यावरणदिनी पाहुणे येतात, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडतात, एकेक रोप चिखलात खोचतात, फोटो होतो. चार उधाणांनंतर तिथं काठ्यासुद्धा नसतात. कांदळाला लावणी शिकवावी लागत नाही. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, हातभर लांब शेंगेसारखा अंकूर होऊन लोंबतो, आणि पडतो तो सरळ भाल्यासारखा चिखलात. त्याला लागतं फक्त खाऱ्या-गोड्या पाण्याचं येणं-जाणं. तामिळनाडूत पिचावरमला कांदळवन वाळत चाललं होतं, तेव्हा डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन माशाच्या काट्यासारखे चर खणले. मधे एक मोठा, त्याला दोन्ही बाजूंनी तिरके छोटे. भरतीचं पाणी आत जाऊ लागलं, ओहोटीला साचलेलं मीठ बाहेर पडू लागलं, आणि उजाड झालेली जमीन पुन्हा हिरवी झाली. पाण्याची वाट मोकळी करणं हे रोप लावण्यापेक्षा कष्टाचं काम आहे, आणि त्यात फोटो चांगला येत नाही.

महाराष्ट्रानं या बाबतीत काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१२ साली वनखात्यात वेगळा कांदळवन कक्ष निघाला. २०२० साली पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. वनसर्वेक्षणाच्या अहवालांत आपलं कांदळवन २०१३ साली १८६ चौरस किलोमीटर होतं, ते २०१९ साली ३२० झालं. २०१७ साली सरकारनं कांदळवनाबरोबर उपजीविकेची योजना आणली. खेकडापालन, कालवं आणि शिनाण्यांची शेती, पर्यटन. त्यातलं वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतलं काम मला विशेष आवडलं. तिथल्या स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीत बसवतात, स्वतः वल्हं मारतात आणि कुठली चिपी, कुठली मारांडी, निवट्या चिखलावर उडी कशी मारतो, हे मालवणीत समजावून सांगतात. या बायका आधी काय खाडी ओळखत नव्हत्या? त्यांच्या आयाही कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून कालवं काढत होत्या. पण ते ज्ञान आहे, आणि त्याला पैसे मिळू शकतात, हे आता ठरलं. झाड उभं राहिलं तर घरात चार पैसे येतात, हे कळलेल्या बाईसारखा राखणदार खाकी कपड्यात मिळणार नाही.

हरित हवामान निधी नावाच्या आंतरराष्ट्रीय निधीनं २०१८ साली महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरची मदत मंजूर केली, तीही याच विचारानं. पैसा येतो ही चांगली गोष्ट. तो खर्च करताना रोपं किती लावली हे विचारलं जातंच. मला विचारावंसं वाटतं, की पाच वर्षांनी त्यातली किती जगली, आणि राखणारी किती घरं त्यावर जगली?

कायद्याची बाजूही पाहू. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ साली कांदळवन तोडायला बंदी घातली, २०१८ साली ती कायम केली. हे झालं नसतं तर आज बोलायला झाडंच उरली नसती. पण कायदा खाली उतरतो तेव्हा त्याची धार सगळीकडे सारखी राहत नाही. वाळलेल्या तिवराची मोळी घेऊन निघालेली म्हातारी दिसली की तिला हटकायला माणूस हजर असतो. डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार कांदळझाडं तोडायला त्याच न्यायालयानं परवानगी दिली. बदल्यात दुसरीकडे झाडं लावायची अट असते, हे मला ठाऊक आहे. पण लाट जिथं यायची तिथंच येते.

आता शेवटचं, आणि मला सर्वांत अवघड वाटणारं. रायगड जिल्ह्यात पेण-अलिबागच्या खाड्यांकाठी पिढ्यान्‌पिढ्या खारभूमीची शेती आहे. खाजणाभोवती मातीचा बांध घालायचा, पावसाचं पाणी बाहेर सोडायला आणि खारं पाणी रोखायला उघाड्या ठेवायच्या, आणि आत भात पिकवायचा. काळा राता, भुरा राता ही खारं सोसणारी भातं याच जमिनीची. बांधाची डागडुजी गावानं मिळून करायची ही जुनी पद्धत. १९४८ आणि १९७९ साली खार जमिनींचे कायदे झाले, बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारकडे गेली, आणि गावाचा हात सुटला. आता उधाणात बांधाला खांड पडली की ती बुजवण्यासाठी कागद फिरतो. कागद फिरेपर्यंत शेत खारं होतं. खाऱ्या शेतात तिवर उगवतो. आणि तिवर उगवला की त्याला हात लावायचा नाही, कारण ते कांदळवन!

त्या भागात एका कविसंमेलनाला गेलो होतो. मी झाडांवरच्या कविता वाचल्या. नंतर चहाच्या वेळी एक शेतकरी जवळ येऊन म्हणाला, "भाई, कविता चांगल्या होत्या. पण सातबाऱ्यावर माझं भात आहे आणि शेतात तिवर. ते सरकारी आकड्यांत कांदळवन वाढलं म्हणतात ना, त्यात माझं शेतसुद्धा असेल." मघाशी मी तुम्हाला जो ३२० चा आकडा अभिमानानं सांगितला, त्याच्याकडे या माणसाच्या बाजूनंही बघायला हवं.

मी त्याला विचारलं, मग झाडं नकोतच का? तो म्हणाला, "असं कोण म्हणतं? बांधाच्या बाहेर तिवर हवाच. बाहेर तिवर असेल तर लाट बांधाला लागत नाही, हे माझा आजा सांगायचा. बाहेर तिवर, आत राता. पण बांध तर हवा."

बाहेर तिवर, मधे बांध, आत राता. निसर्गाच्या आधारानं बदलत्या हवामानाला तोंड द्यायचं, असं परिषदांत म्हटलं जातं ते याहून वेगळं काय आहे? बांधाच्या देखभालीचा पैसा आणि अधिकार गावाच्या हातात द्यावा, बाहेरच्या तिवराची राखण त्याच गावाकडे सोपवावी आणि त्याची मजुरी द्यावी. ज्यांची शेतं कायमची गेली त्यांना त्या जंगलात वाटा किंवा मोबदला द्यावा. त्या शेतकऱ्याला हे बोलून दाखवलं तेव्हा त्यानं मान डोलावली आणि मला कामाची वेळ समजावून सांगितली. उधाणात खांड पडली की पुढच्या भांगातच ती बुजवायची, पाणी उतरलेलं असतं तेव्हा. तो भांग चुकला की पुढचं उधाण खांड दुप्पट करतं. म्हणजे हातात आठवडाभर मिळतो. त्यांच्या बांधाचा अर्ज तेव्हा दुसऱ्या पावसाळ्याची वाट बघत होता.